नेटवर्क-उपकरणांतील डिस्कची वाटणी : पार्टिशन की लॉजिकल व्हॉल्यूम?
(कर्जत-खालापूरच्या परिस्थितीच्या संदर्भात)

कारखाना, रुग्णालय, महाविद्यालय अथवा तालुक्याची कचेरी ह्यांतील संगणकांना बाहेरच्या जगाशी जोडून देणारे जे यंत्र कोपऱ्यातील एखाद्या कपाटात अहोरात्र चालू असते, ते बंद पडेपर्यंत त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. राउटर, फायरवॉल, भार वाटून देणारी यंत्रे, ही सारी वस्तुतः छोटे संगणकच होत. त्यांना स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची स्मृती असते आणि बहुधा स्वतःची डिस्क किंवा तिच्या जागी फ्लॅशची चकती असते. ह्या डिस्कवर यंत्राची कार्यप्रणाली, त्याची मांडणी सांगणाऱ्या फाइली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या रहदारीच्या नोंदी, म्हणजे लॉग, अशा परस्परांहून फार भिन्न स्वभावाच्या गोष्टी एकत्र नांदत असतात. त्यांची वाटणी कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

वाटणीचा जुना प्रकार पार्टिशनचा. डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांच्या सेक्टरात एक तक्ता लिहावयाचा आणि अमुक सेक्टरापासून अमुक सेक्टरांपर्यंतचा पट्टा अमुक कामासाठी, असे त्यात नमूद करावयाचे, इतकीच ही युक्ती. १९८३ साली पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर हा तक्ता वैयक्तिक संगणकात आला. त्या सेक्टरातील ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांसाठी, शेवटचे २ बाइट खुणेसाठी आणि मधले ६४ बाइट तक्त्यासाठी ठेवलेले होते. प्रत्येक नोंदीस १६ बाइट लागत असल्याने चारच नोंदी मावत. पुढे ह्या चारांपैकी एका भागाच्या पोटात आणखी भाग पाडण्याची सोय निघाली. सात-बारा पाहण्याची सवय असलेल्या वाचकास सर्व्हे नंबर आणि त्याचा पोटहिस्सा ह्यांचे नाते येथे चटकन आठवेल. सेक्टरांचा क्रमांक ३२ बिटांत लिहावयाचा असल्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांची डिस्क सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडे ह्या तक्त्याच्या आवाक्यात येत नाही. जीपीटी ह्या नव्या तक्त्याने ही अडचण दूर केली. त्यात सेक्टरांचा क्रमांक ६४ बिटांत असतो, सामान्यतः १२८ भागांची जागा राखलेली असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. ही दुसरी प्रत पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

तक्ता जुना असो वा नवा, पार्टिशनचे मूळ लक्षण बदलत नाही. पार्टिशन हा एकसंध पट्टा असतो. त्याला वाढावयाचे असेल तर त्याच्या उजवीकडे, लगतच, मोकळी जागा असावी लागते. डिस्कच्या दुसऱ्या टोकास कितीही ओसाड जागा पडून असली तरी तिचा त्याला उपयोग नाही.

दुसरा प्रकार लॉजिकल व्हॉल्यूमचा. ह्या नावाचा 'तार्किक खंड' असा प्रतिशब्द काही ठिकाणी आढळतो, परंतु त्यात तर्काचा काहीच संबंध नाही. कायद्याच्या मराठीत ज्याला आपण 'मानीव' म्हणतो, म्हणजे वस्तुतः तसे नसून व्यवहारापुरते तसे मानावयाचे, तो शब्द येथे अधिक जुळतो. ह्या पद्धतीत डिस्कचे, किंवा अनेक डिस्कांचे, सारख्या आकाराचे तुकडे पाडतात. लिनक्समध्ये हा तुकडा न सांगता ४ मेबिबाइटांचा धरला जातो. ६४ गिबिबाइटांच्या डिस्कचे असे १६,३८४ तुकडे होतात. हे सर्व तुकडे एका सामाईक गटात जमा होतात आणि गटातून हवे तितके तुकडे घेऊन एकेक मानीव डिस्क उभी करता येते. तिचे तुकडे सलग असलेच पाहिजेत असे नाही. कोणता तुकडा कोठे आहे ह्याची यादी कार्यप्रणाली ठेवते आणि फाइल-पद्धतीला मात्र समोर एक अखंड डिस्कच दिसत राहते. मुंबई राज्याने १९४७ साली शेतजमिनीसाठी तुकडेबंदी व तुकडेजोडीचा जो कायदा केला, त्यातील तुकडेजोड मोजणीदाराला फार जड गेली. येथे ती एका यादीतील चार ओळी बदलून साधते, कारण ह्या तुकड्यांवर कोणाची वडिलोपार्जित ममता नसते.

आयबीएमच्या एआयएक्स ह्या कार्यप्रणालीत १९९० च्या सुमारास ही व्यवस्था प्रचारात आली होती. लिनक्ससाठी ती हाइन्ट्स माउएल्सहागेन ह्यांनी १९९८ साली एचपी-यूएक्समधील व्यवस्थेच्या धर्तीवर लिहिली. २००३ अखेरच्या २.६ ह्या कर्नेलपासून तिच्याखाली डिव्हाइस-मॅपर नावाचा पाया आला. आज लिनक्सवर उभारलेल्या मोठ्या नेटवर्क-उपकरणांत ही व्यवस्था सर्रास आढळते. गतीच्या दृष्टीने दोन्ही प्रकारांत नाव घेण्याजोगे अंतर नाही, म्हणून तो मुद्दा येथेच सोडतो.

दोन पद्धतींमधील निवड ही केवळ पुस्तकी नाही, ह्याचे एक ठळक उदाहरण भार वाटून देणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात आहे. एफ-फाइव्ह ह्या अमेरिकन कंपनीच्या बिग-आयपी यंत्रांची दहावी आवृत्ती २००९ साली निघाली, तेव्हा डिस्कची मांडणी पार्टिशनांची ठेवावी की व्हॉल्यूमांची, हे ठरविण्याचा प्रश्न ग्राहकांपुढे आला. नवी आवृत्ती दोन्हींवर चालत होती, जुनी नववी आवृत्ती मात्र केवळ पार्टिशनांतच राहू शकत होती. म्हणजे व्हॉल्यूमांची मांडणी स्वीकारली की जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट बंद, आणि एका मांडणीतून दुसरीत जावयाचे तर डिस्क पुसूनच टाकावी लागे. ज्यांना नव्या आवृत्तीचा भरवसा वाटत नव्हता त्यांनी पार्टिशने ठेवणे शहाणपणाचे होते. ज्यांना पुढे नवे विभाग जोडावयाचे होते त्यांच्या दृष्टीने ते गैरसोयीचे होते. एकाच यंत्राविषयी दोन समंजस माणसांनी दोन निर्णय घ्यावेत आणि दोघेही बरोबर असावेत, अशी ही स्थिती होती.

आता आपल्या परिसराकडे वळू. कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई-पुणे मार्गावर असल्याने तेथे साधनांची वाण नाही, असे बाहेरच्यास वाटते. द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो, खोपोलीस १९१५ पासून आणि भिवपुरीस १९२२ पासून वीज निर्माण होत आली आहे. पण त्याच कर्जत तालुक्यात माथेरान आहे, जेथे मोटारगाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते आणि पुढे सामान पायी, घोड्यावर, हातगाडीवर किंवा अलीकडच्या मोजक्या ई-रिक्षांतून न्यावे लागते. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना चिखलातून पायी चढूनच वर पोहोचावे लागले. घाटमाथ्याच्या पायथ्याशी पावसाळ्याचे चार महिने विजेचा लपंडाव चालतो, हे तेथे राहिलेल्यास सांगावयास नको. अशा ठिकाणी बसविलेल्या यंत्राविषयी पहिला प्रश्न त्याच्या वेगाचा नसून, ते बिघडल्यास तेथे कोण आणि किती वेळात पोहोचणार, हा असतो. तेथे असणारा माणूस शिपाई, कारकून किंवा शिक्षक असतो. दूरध्वनीवरून त्याला फार तर 'बटण बंद करून पुन्हा चालू करा' एवढेच सांगता येते. डिस्कची वाटणी करताना त्या माणसाचा विचार प्रथम केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यंत्राची कार्यप्रणाली नवी करण्याचा प्रसंग घ्या. माथेरानच्या एखाद्या कचेरीतील फायरवॉलवर कर्जतहून नवी आवृत्ती चढविली जात असताना मध्येच वीज गेली, तर काय व्हावे? सुरक्षित उपाय जुना आणि ओबडधोबड आहे. समान आकाराची दोन पार्टिशने ठेवावयाची, एकात चालू कार्यप्रणाली, दुसरे रिकामे. नवी आवृत्ती रिकाम्या भागात पूर्ण लिहून, तपासून झाली की सर्वांत शेवटी 'आता ह्या भागातून सुरू हो' अशी एक लहानशी खूण बदलावयाची. वीज केव्हाही गेली तरी दोहोंपैकी एक भाग शाबूत असतोच. नवी आवृत्ती ठरावीक प्रयत्नांत उभी राहिली नाही, तर यंत्र सुरू करणारा प्रोग्राम आपण होऊन जुन्या भागाकडे परततो. फ्री-बीएसडीवरील नॅनोबीएसडीने ही पद्धत लहान यंत्रांसाठी वापरली. पीएफसेन्स ह्या फायरवॉलमध्ये ती २०१७ मधील २.४ व्या आवृत्तीपर्यंत होती. अँड्रॉइड दूरध्वनींतही २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून हीच कल्पना आली. निम्मी जागा कायम रिकामी राहते खरी, परंतु कार्यप्रणालीस लागणारी जागा आजच्या डिस्कच्या मानाने इतकी थोडी असते की ह्या काटकसरीत अर्थ नाही.

लॉजिकल व्हॉल्यूमचा पुरस्कर्ता येथे म्हणेल, की स्नॅपशॉट आहे ना! नवी आवृत्ती चढविण्यापूर्वी त्या क्षणाचे चित्र घेऊन ठेवावे आणि बिनसल्यास ते परत विलीन करावे. ही सोय उत्तम आहे, पण तिच्या दोन मर्यादा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट म्हणजे बदललेल्या तुकड्यांच्या मूळ प्रती साठविण्याची एक मर्यादित जागा असते. बदल त्या जागेहून अधिक झाले की स्नॅपशॉट निरुपयोगी ठरतो, आणि हे नेमके मोठ्या बदलाच्या वेळी घडते. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. कर्नेल आणि त्याच्या प्रारंभीच्या फाइली पुष्कळ यंत्रांत व्हॉल्यूमच्या बाहेर, एका लहान पार्टिशनात ठेवतात. त्याही नव्या आवृत्तीबरोबर बदलतात, परंतु स्नॅपशॉटात त्या नसतात. बिघाड कर्नेलमध्येच असेल तर व्हॉल्यूमांचा गट जागा करणारा प्रोग्रामच चालू होत नाही, मग विलीन कोण करणार? यंत्र सुरू करणाऱ्या भागाचे शत्रुत्व किंवा मैत्रीही येथे पाहावी लागते. ग्रबची दुसरी पिढी लॉजिकल व्हॉल्यूम वाचू शकते, पहिली वाचू शकत नव्हती. यूईएफआय पद्धतीच्या यंत्रास तर आरंभीचा प्रोग्राम फॅट पद्धतीच्या पार्टिशनातच लागतो. म्हणजे सर्व काही व्हॉल्यूमांत, असे म्हणणाऱ्यासही एखादे पार्टिशन ठेवावेच लागते.

लॉगचा प्रश्न मात्र अगदी उलट दिशेने जातो, आणि तो अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे. लॉग आणि कार्यप्रणाली एकाच फाइल-पद्धतीत असतील आणि लॉगने ती तुडुंब भरली, तर यंत्र बंद पडत नाही, पण अर्धमेले होते. बदललेली मांडणी जतन होत नाही, संगणकांना पत्ते वाटल्याची नोंद लिहिली जात नाही, कधी आत शिरून दुरुस्तीही करता येत नाही. ईएक्सटी-४ फाइल-पद्धती मुख्य प्रशासकासाठी सामान्यतः ५ टक्के जागा राखते. पण लॉग लिहिणारा प्रोग्राम पुष्कळदा त्याच अधिकाराने चालतो, त्यामुळे त्या राखीव जागेचे संरक्षण पोकळ ठरते. म्हणून लॉगभोवती बांध घातलाच पाहिजे, ह्याविषयी दुमत नाही. वाद आहे तो बांध कायमचा असावा की हलविता येण्याजोगा, ह्याविषयी.

भारतात ह्या प्रश्नास २८ एप्रिल २०२२ रोजी नवे वजन आले. सर्ट-इन ह्या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली काढलेल्या निर्देशांनुसार सेवादाते, मध्यस्थ, डेटा-सेंटरे, कंपन्या व सरकारी संघटना ह्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग सतत मागील १८० दिवसांपर्यंतचे जपून ठेवावयाचे आहेत. म्हणजे 'डिस्क भरली, जुने पुसून टाकले' हे उत्तर आता पुरेसे नाही. ह्याचा हिशोब करून पाहू. खोपोली-सावरोली पट्ट्यातील एखादा मध्यम कारखाना कल्पनेने घ्या. त्याच्या फायरवॉलवर सरासरीने सेकंदास ५० नोंदी होतात आणि प्रत्येक नोंद ३०० बाइटांची आहे, असे धरू. सेकंदास १५,००० बाइट, म्हणजे दिवसास सुमारे १.३ गिगाबाइट आणि १८० दिवसांत सुमारे २३३ गिगाबाइट. लॉगचा मजकूर पुनरुक्तीने भरलेला असल्याने तो दाबून ठेवल्यास एक-दशांशावर येतो असे मानले, तर २३ गिगाबाइट पुरतात. यंत्रात १२८ गिगाबाइटांची चकती आहे. बसविणाऱ्याने कार्यप्रणालीसाठी ८-८ गिगाबाइटांची दोन पार्टिशने, आरंभीच्या फाइलींसाठी १, मांडणीसाठी १, मग वेबपृष्ठे साठविणाऱ्या प्रॉक्सीसाठी ६० आणि शेवटी लॉगसाठी ४० गिगाबाइट, अशी वाटणी केली. वाटणी उदार दिसते.

पुढे कारखान्यात नवी शेड उभी राहिली, कॅमेरे आले, यंत्रे नेटवर्कला जोडली गेली, आणि नोंदी तिप्पट झाल्या. आता ७० गिगाबाइट हवेत. इकडे प्रॉक्सीचा भाग जवळजवळ ओस पडलेला आहे, कारण वेबवरील रहदारी बहुतेक सारी कूटबद्ध झाल्यापासून मधल्या यंत्राने पृष्ठे साठवून ठेवण्यास फारसा वावच उरलेला नाही. ६० गिगाबाइट पडीक आणि शेजारी ४० गिगाबाइटांत गुदमरणारा लॉग, परंतु पडीक जागा लॉगच्या डावीकडे आहे आणि पार्टिशन डावीकडे वाढत नाही. शेवटचे १० गिगाबाइट उजवीकडे मोकळे असतील तेवढेच मिळतील. बाकीसाठी लॉग बाहेर काढून, यंत्र थांबवून, पार्टिशने नव्याने पाडावी लागतील. हेच दोन्ही भाग लॉजिकल व्हॉल्यूम असते, तर प्रॉक्सीचा व्हॉल्यूम काढून टाकून त्यातील ३० गिबिबाइट, म्हणजे ७,६८० तुकडे, लॉगला जोडावयाचे आणि चालू स्थितीतच फाइल-पद्धती वाढवावयाची, एवढे काम कर्जतहून दूरस्थ जोडणीवर काही मिनिटांत होते. ईएक्सटी-४ व एक्सएफएस दोन्ही चालू असताना वाढतात. आखडताना मात्र ईएक्सटी-४ वापरातून बाजूला काढावी लागते आणि एक्सएफएसचे आखडणे व्यवहारात धरूच नये. ह्यावरून एक नियम निघतो: व्हॉल्यूम आरंभी बेताचा करावा आणि गटात जागा शिल्लक ठेवावी. सारी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकणाऱ्याने लॉजिकल व्हॉल्यूम घेऊन पार्टिशनचाच संसार मांडला, असे म्हणावे लागेल.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे विरळ वाटप. त्यात प्रत्येक व्हॉल्यूमला कबूल केलेली जागा प्रत्यक्ष असलेल्या जागेहून अधिक असू शकते आणि तुकडा लिहिण्याच्या वेळीच दिला जातो. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याखाली उन्हाळी भात होते. त्या नाल्यावरील सर्वांनी एकाच दिवशी आपापली मोरी पूर्ण उघडली, तर टोकाच्या शेताचे काय होईल ते शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. विरळ गट भरला की लिनक्स न सांगता ६० सेकंद वाट पाहते आणि नंतर लिहिण्याच्या विनंत्या चुकीचा संदेश देऊन परत करू लागते. तेव्हा दोषी एक व्हॉल्यूम असतो, पण फटका सर्वांना बसतो. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी वाटणी केली, तीच नाहीशी होते. देखरेखीस माणूस नसलेल्या यंत्रात ही पद्धत वापरू नये.

अगदी लहान राउटरांत डिस्क नसते, उघडी नँड फ्लॅश असते, आणि तेथे हाच वाद वेगळ्या रूपाने भेटतो. फ्लॅशचा प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. तिच्यावर कायमचे भाग पाडले तर वारंवार लिहिला जाणारा भाग झिजून जातो आणि शेजारचा कोरा राहतो. २००७ सालच्या २.६.२२ ह्या कर्नेलमध्ये आलेली यूबीआय ही व्यवस्था सर्व ठोकळे एकत्र करून त्यांवर व्हॉल्यूम मांडते आणि झीज सर्व चकतीवर पसरविते. ईएमएमसी किंवा एसएसडी ह्यांत हे काम आतला नियंत्रकच करीत असल्याने तेथे पार्टिशन पाडल्याने झीज एका भागापुरती राहील, हा समज निराधार आहे.

बिघडलेल्या यंत्राची डिस्क काढून दुसऱ्यास लावण्याचा प्रसंग उरतो. पार्टिशनवरील फाइल-पद्धती कोणत्याही लिनक्स यंत्रावर सरळ उघडते. लॉजिकल व्हॉल्यूमचा गट प्रथम ओळखून जागा करावा लागतो, आणि एकाच साच्यातून वीस यंत्रे काढलेली असतील तर दोन डिस्कांवरील गटाचे नाव व ओळखक्रमांक सारखेच निघतात. त्या वेळी प्रणाली दुसरा गट स्वीकारीत नाही. प्रतीला नवी ओळख देण्याची आज्ञा उपलब्ध आहे, पण ती आधी सराव केलेल्यास आठवते. सारख्या ओळखक्रमांकाची अडचण एक्सएफएसलाही येते, त्यामुळे साच्यातून यंत्र काढताना ओळख बदलण्याची शिस्त दोन्ही पद्धतींत हवीच. दुसरी डिस्क हाती लागली म्हणून ती आरशाविना त्याच गटात जोडणे तर टाळावेच. दोहोंपैकी कोणतीही एक गेली तरी दोहोंवर पसरलेला व्हॉल्यूम जातो.

ह्या सर्वांचा विचार करता, दुर्गम जागी बसवावयाच्या यंत्रात सुरू होण्यासाठी जे जे लागते ते कायमच्या पार्टिशनांत ठेवावे, कार्यप्रणालीची दोन पार्टिशने त्यात आली, आणि जे वाढणार किंवा घटणार ते शेवटच्या एका मोठ्या पार्टिशनावर उभारलेल्या गटात व्हॉल्यूमांच्या रूपाने ठेवावे, ही मांडणी प्रस्तुत लेखकास पसंत आहे. मांडणीच्या फाइली पहिल्या वर्गात घालाव्यात, त्या लहान असल्या तरी. गट काही कारणाने उघडलाच नाही, तर यंत्र लॉगविना का होईना, उभे राहून रहदारी सोडू लागले पाहिजे. त्यासाठी लॉगचा व्हॉल्यूम न मिळाल्यास थांबून राहू नये, अशी सूचना यंत्रास आधीच दिलेली असावी. ती दिली नाही तर सारी मांडणी व्यर्थ जाते, आणि नेमकी हीच ओळ विसरली जाते. केवळ काही गिगाबाइटांची चकती असलेल्या, लॉग दुसरीकडे पाठवून देणाऱ्या यंत्रात मात्र गटाचा खटाटोप करण्याचे कारण नाही, तेथे पार्टिशनेच बरी.

शेवटी गटाच्या यादीविषयी. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या टोकास आपोआप राहते. लॉजिकल व्हॉल्यूमांच्या गटाची यादी मात्र सामान्यतः प्रत्येक डिस्कच्या आरंभीच्या पहिल्या मेबिबाइटात एकदाच लिहिलेली असते. ती साध्या वाचनीय मजकुरात असते, जुन्या आवृत्त्याही काही काळ तेथेच राहतात, आणि प्रत्येक बदलानंतर तिची एक प्रत ईटीसी निर्देशिकेतील एलव्हीएमच्या बॅकअप नावाच्या उपनिर्देशिकेत ठेवली जाते. एकच डिस्क असलेल्या यंत्रात ही प्रतही त्याच डिस्कवर असते, म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच. फायरवॉलच्या मांडणीची प्रत तालुक्याच्या ठिकाणी नेऊन ठेवताना हा काही किलोबाइटांचा मजकूर तिच्यासोबत न्यावा. तो छापून काढला तरी दोन-तीन पानांहून अधिक भरत नाही, आणि यंत्राच्या कपाटातच, दाराच्या आतल्या बाजूस, ती पाने लावून ठेवता येतात.